बुडाला लागलेली माती

माझ्या धाकट्या बहिणीला घरात अजूनही सगळे बारकी म्हणतात. ती साठी ओलांडून गेली, उभी राहिली तर दार भरून टाकते, आणि लॉन्ड्रीत ओल्या चादरींचा गठ्ठा उचलायची तेव्हा पुरुष बाजूला व्हायचे. पण लहानपणी ती हडकुळी होती आणि आमच्याकडे एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही. मी कॉलेजात गेले, ती गेली नाही. याचं लोकांना फार कोडं पडतं. उत्तर साधं आहे. मला पुस्तक घेऊन बसायला आवडायचं, तिला बसायलाच आवडायचं नाही.

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत तिने सगळा जन्म काढला. तिथलं इस्त्रीचं यंत्र म्हणजे दोन तापलेली लाटणी. एका बाजूने एकीने चादर आत घालायची, दुसऱ्या बाजूने दुसरीने ओढून घडी घालायची. बारकी घडीच्या बाजूला. समोरचीचं तोंड वाफेत दिसायचंसुद्धा नाही, पण चादर सरळ येणार याची खात्री असायची. डाग दिसला तर तो घडी घालणारीने बघायचा, फाटलेलं असलं तर ते आत घालणारीने. असं वाटून घेतलेलं काम.

लग्न तिने स्वतः ठरवलं, आमच्या मोरीचा नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरशी. आई म्हणायची, "नळाचं पाणी थांबलं आणि पोरगी वाहून गेली." मेहुणे मोजकं बोलणारे. माझ्याशी तर फारच मोजकं, कारण मी बोलायला लागले की समोरच्याला जागा राहत नाही, हे मला माहीत आहे. त्यांना एकच नाद होता. उन्हाळ्यात एखादी सर येऊन गेली, मग ऊन तापलं, की बसच्या शेवटच्या थांब्याला उतरून रानात जायचं आणि अळंब्या आणायच्या. टोपली भरून आणायच्या, बारकीपुढे ठेवायच्या, आणि हात धुऊन तिच्या समोर बसायचं.

माझ्या दृष्टीने हा उपद्व्याप होता. बाजारात बंद डब्यात मिळतात त्या खाव्यात आणि गप्प बसावं. पण त्यांच्या टेबलाशी मी इतकी वर्षं चहा प्यायले आहे की पद्धत मला पाठ झाली. खालून स्पंजासारख्या असतात त्या उभ्या चिरून, दोऱ्यात ओवून, शेगडीच्या वर टांगायच्या. पिवळ्या असतात त्या झटकून मिठात. आणि पांढऱ्या, कोवळ्या, अजून मिटलेल्या, बटणासारख्या, त्या उकळून व्हिनेगरात, मिरी आणि तमालपत्र घालून, बरण्यांत. बरणीच्या झाकणाखाली मेहुणे नळाच्या जोडाला गुंडाळतात ती पांढरी पट्टी गुंडाळायचे. "गळणार नाही," म्हणायचे. त्यांच्या तोंडचं हे सगळ्यात लांब वाक्य.

भानगड पांढऱ्यांचीच. गवतातली खायची पांढरी आणि झाडाखालची विषारी पांढरी, दोघी कोवळ्या असताना जुळ्या बहिणींसारख्या. विषारी असते तिच्या बुडाशी, मातीच्या आत, एक पातळ पिशवी असते. ती पिशवी बघितल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून त्या घरात नियम होता. पांढरी अळंबी रानात कापायची नाही. बोटाने माती उकरून मुळासकट काढायची, मातीसकट घरी आणायची. घरी बारकीने एकेक उचलायची, बूड बघायचं, आणि मग समोर बसलेल्या नवऱ्याला विचारायचं, "ही कशावरून?" त्याने सांगायचं. गवतात होती, आजूबाजूला झाड नव्हतं, बुडाशी काही नाही. मग तिने बूड कापून टाकायचं. बूड कापलेली अळंबी म्हणजे दोघांनी बघितलेली अळंबी. ती परत कुणी बघायची नाही, सरळ पातेल्यात.

त्यामुळे दर उन्हाळ्यात टेबलभर माती. मातीने माखलेल्या बुडांचा ढीग, वर्तमानपत्रावरून खाली सांडलेला, माझ्या बशीपर्यंत आलेला. मी दर वर्षी बोलायचे, "अगं, ही काय बाग लावलीयस का?" मेहुणे माझी बशी उचलून दुसरीकडे ठेवायचे. माती तिथेच.

गेल्या हिवाळ्यात मेहुणे वारले. एका अनोळखी स्वयंपाकघरात, बेसिनच्या खालच्या कपाटात डोकं घालून आडवे पडलेले असताना. त्या घरच्या बाईंनी दोनदा चहा विचारला, उत्तर आलं नाही. त्यांना वाटलं, माणूस कामात आहे. पाय बाहेर दिसत होते ना. त्या बाई नंतर मला भेटल्या तेव्हा हेच पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "पाय दिसत होते हो." मी म्हटलं, "असू द्या."

बारकी रडली नाही. लोक आले, गेले. ती दुसऱ्या आठवड्यात लॉन्ड्रीत परत. निवृत्तीला थोडे महिने राहिले होते, ते पुरे केले. एकदा तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला मोठा फोड दिसला, पिकत आलेला. "हे काय?" म्हटलं. तिने हात उलटा करून बघितला, जणू कुणी दुसऱ्याने आणून ठेवलाय. "इस्त्रीचा असेल," म्हणाली. कधी भाजलं ते तिला सांगता येईना. मी मलम लावलं. तिने हात तसाच धरून ठेवला, मी पट्टी बांधून झाल्यावरही.

बोलायची नीट, जेवायची नीट. विचारलं त्याचं उत्तर द्यायची. मला वाटलं, बरं चाललंय. मला अशा गोष्टी लवकर बऱ्या वाटतात, कारण रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला कळत नाही.

उन्हाळ्यात सर येऊन गेली. बारकी टोपली घेऊन एकटी गेली. मला तिने सांगितलंही नाही. मी दुपारी गेले तर शेगडीवर पातेलं, ओट्यावर बरण्या उलट्या घातलेल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. माणूस कामाला लागलं की सुटलं, असं माझं मत आहे. मग ती परत गेली, आणि परत. कपाटातला वरचा खण भरत चालला. त्या खणाच्या मागच्या कोपऱ्यात मेहुण्यांच्या हातची एक बरणी उरली होती, गेल्या उन्हाळ्यातली. तिच्यापुढे नव्या बरण्या ओळीने लागल्या.

एक बरणी वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना गेली, दर वर्षी जाते तशी. ते एकटे राहतात आणि त्या मोबदल्यात आम्हा दोघींच्या दाढा फुकट बघतात. दुसरी गेली माझ्या भाचीकडे, म्हणजे बारकीच्या मुलीकडे. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, बेकरीत काम करते, आणि तिला सातवा महिना आहे. पोटुशी बाईला आंबट हवंसं वाटतं. आईने पाठवलं.

त्यानंतरच्या शनिवारी मी गेले तेव्हा बारकी पांढऱ्या निवडत होती. कपड्याने पुसायची, वाडग्यात टाकायची. हात यंत्रासारखा. मी नेहमीच्या जागी बसले, बशी पुढे ओढली, आणि माझं लक्ष टेबलाकडे गेलं. टेबल लख्ख. वर्तमानपत्रसुद्धा अंथरलेलं नाही.

"या वर्षी सुधारलीस गं," मी म्हटलं. "कुठे कण नाही मातीचा. बसावंसं वाटतं."

बारकीचा हात थांबला.

"माती नाही," ती म्हणाली.

"तेच म्हणतेय मी. चांगलं झालं."

तिने वाडग्यातली एक उचलली, उलटी केली. देठ खालून सपाट कापलेला. दुसरी उचलली. तीही. मग तिने वाडगं टेबलावर उपडं केलं आणि एकेक फिरवून बघितली. सगळ्या सपाट.

"ताई, मी रानातच कापल्या."

"बरं मग?"

"बुडं तिकडेच राहिली." ती अगदी सावकाश बोलत होती, आपलंच बोलणं दुसऱ्या कुणाला ऐकवत असल्यासारखी. "माझ्या हाताला कापायचीच सवय. काढायची नाही. काढायचे ते. मी वाकले आणि कापत सुटले."

"पण घरी आल्यावर बघितल्यास की नाही?"

"कापलेली होती ना. कापलेली म्हणजे बघितलेली."

मला समजायला एक क्षण लागला. रानात ती मेहुण्यांसारखी चालली: टोपली भरायची, घरी दुसरं माणूस बघणार आहे. घरी ती स्वतःसारखी बसली: कापून आलंय म्हणजे बघून झालंय. दोन्हीकडे तिला वाटलं समोर कुणीतरी आहे. आणि कुणीच नव्हतं. वरच्या खणातल्या नव्या बरण्यांपैकी एकही कुणी बघितलेली नव्हती.

"उकळल्यात की," मी म्हटलं. हे मी उगीच म्हटलं. ते विष उकळून जात नाही, व्हिनेगरात जात नाही, एवढं मलाही माहीत आहे. खाणाऱ्याला चव चांगली लागते, दिवसभर काही होत नाही, आणि जेव्हा होतं तेव्हा आतून यकृत गेलेलं असतं.

बारकीने हात पुसले. "तू डॉक्टरांकडे जा. मी पोरीला फोन करते."

मी जिने चढले. डॉक्टरांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात पाव होता आणि माझा जीव टांगणीला लागला, पण पावावर लोणी होतं.

"बरणी उघडलीत?"

"उघडली की. काल रात्री दोन खाल्ल्या. उत्तम झाल्यात. तुमच्या बहिणीला सांगा, या वेळी मिरी अगदी बेताची."

"डॉक्टर, बूट घाला."

"कशाला?"

"हॉस्पिटलात जायचंय. त्या अळंब्या कुणी बघितलेल्या नाहीत."

ते हसले. मग माझ्याकडे बघून थांबले. "अहो ताई, पण मला काहीच होत नाहीये."

"ते नंतर होतं. दाढेचं तुम्ही मला हेच सांगता ना, दुखत नाही म्हणजे किडली नाही असं नाही. बूट घाला."

त्यांनी बूट घातले, डावा उजव्या पायात घालू लागले, मग बदलले. उरलेली बरणी मी पिशवीत टाकली, त्यांना टॅक्सीत बसवलं आणि टॅक्सीवाल्याला दोनदा बजावलं. खाली आले तर बारकी फोन कानाला लावून उभी. पलीकडे नुसती घंटी वाजत होती.

"उचलत नाही. कामावर असेल."

"बेकरीत कर."

"केला. आज सुट्टीवर आहे म्हणाले."

हे बोलताना तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. मला एकदम राग आला. वाटलं, हिला गदागदा हलवावं. पण ती तोवर स्टुलावर चढली होती आणि वरच्या खणात मागे हात घालत होती. मेहुण्यांची बरणी काढली. फडक्याने पुसली, पिशवीत घातली.

"ही कशाला?"

"तिची परत घ्यायची म्हणजे तिला काही द्यायला नको?"

बसमध्ये ती खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर. मी बोलत होते. डॉक्टरांचं, रक्ताच्या तपासणीचं, भाचीला किती वेळा सांगितलं तरी फोन पिशवीच्या तळाशी टाकते त्याचं. बारकी "हं" म्हणत होती. मधेच म्हणाली, "लहानपणी ती मुरायच्या आत बरणीत बोट घालायची. तिला धीर धरवत नाही." आणि पुन्हा बाहेर बघू लागली.

भाचीने दार उघडलं. केस ओले, हातात टॉवेल. "दोघी एकदम? कोण गेलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "फोन का उचलत नाहीस?"

"न्हात होते मावशी. न्हाताना पण उचलायचा का आता?"

बारकी तिच्या बाजूने सरळ आत गेली, स्वयंपाकघरात. आम्ही मागोमाग. बरणी ओट्यावर होती, पावाच्या डब्याजवळ, आणि तिच्या शेजारी एक काटा. बारकीने बरणी उचलली. झाकण फिरवून बघितलं. घट्ट होतं.

"उघडलीस?"

"निघेना. जावईबापू तुमचे आले की त्यांच्याकडून काढून घेणार होते. आई, एवढी घट्ट कशाला लावतेस? काटा हातात घेऊन बसले होते न्हायच्या आधी."

बारकीने ओट्याला हात टेकला. तेवढंच. मग सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, सपाट आवाजात. काढायचे ते, मी कापायचे, या वेळी कुणीच बघितलं नाही.

भाची आधी पांढरी पडली, मग तिचा आवाज चढला. "आई, मला सातवा आहे. तू मला काय दिलंस? काही झालं असतं म्हणजे? बाबा गेल्यापासून तू कुठे असतेस गं? फोनवर बोलतेस, हो-नाही म्हणतेस, आणि नसतेसच. मी ह्यांना म्हणते, आई बरी आहे. काय बरी आहे?"

मी मध्ये पडणार होते. जमलं नाही. मी तिच्या हातातला टॉवेल तेवढा काढून घेतला.

बारकी म्हणाली, "हो." नुसतं हो. मग पिशवीतून दुसरी बरणी काढून काट्याशेजारी ठेवली.

भाची अजून काही बोलणार होती, पण झाकणाकडे बघून राहिली. झाकणाखाली ती पांढरी पट्टी, नीट, एकावर एक वेढे.

"ही बाबांची."

"हो."

"अजून आहेत?"

"नाही. ही खा. ही आम्ही दोघांनी बघितलेली आहे."

"आई, ही ठेव तू."

"ठेवून काय करू? खायची वस्तू आहे." बारकीने आपली बरणी पिशवीत घातली. "पट्टी आधी काढ, मग फिरव. मग निघेल."

परतताना हॉस्पिटलातून डॉक्टरांचा फोन आला. रक्त साफ. तरी रात्रभर ठेवून घेणार होते. बाजूच्या खाटेवरच्या माणसाचे दात भयंकर आहेत, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं, पुन्हा साफ, आणि ते घरी येऊन आमच्यावर तोंडभर हसले. "बघा, निष्कारण. आता ती बरणी परत द्या." भाचीचाही फोन आला, आवाज उतरलेला. "आई, डॉक्टरांना काही झालं नाही, म्हणजे चांगल्याच असणार गं. एवढ्या मेहनतीचं टाकू नकोस."

"त्यांनी खाल्लेल्या दोन चांगल्या होत्या," बारकी म्हणाली.

तिने सगळ्या बरण्या खाली काढल्या. एकेक उघडून घमेल्यात ओतली. मीठ लावलेल्या पिवळ्यासुद्धा, शेगडीवरच्या माळासुद्धा. मी म्हटलं, "पिवळ्या तर ओळखू येतात, त्यात काय आहे?" ती म्हणाली, "त्या पण मीच एकटीने आणल्यात," आणि दोरा ओढून माळ घमेल्यात टाकली. वरचा खण रिकामा झाला. आख्ख्या उन्हाळ्याचं काम पुरायला तिने आवारात कुदळीने खड्डा केला, कुत्री-मांजरं उकरणार नाहीत इतका खोल. व्हिनेगरचा वास चार दिवस जिन्यात होता. बरण्या धुऊन उपड्या घातल्या.

"आता नाही जात," म्हणाली. "एकटीचं काम नाही ते."

मी म्हटलं, "मी बसते समोर."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"काही नाही. त्याला काय कळायला लागतं? कशावरून, एवढंच विचारायचं ना? मी जन्मभर लोकांना तेच विचारत आलेय. सगळे वैतागतात."

तिने माझ्याकडे बघितलं. हसली असं मी म्हणणार नाही.

पुढच्या सरीनंतर आम्ही दोघी गेलो. माझे गुडघे बोलत होते आणि डास होते, आणि रानात बसायला नीटशी जागा नसते हे लोक का सांगत नाहीत, कोण जाणे. बारकी गवतात वाकली. चाकू मी माझ्याच खिशात ठेवला होता. तिने दोनदा चाकूसाठी हात पुढे केला, दोनदा मी दिला नाही. मग ती बोटांनी उकरू लागली. नखं भरली. टोपली अर्धीही झाली नाही.

घरी तिने टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. मी हात धुऊन मेहुण्यांच्या खुर्चीवर बसले, कारण समोरची खुर्ची तीच. तिने पहिली उचलली आणि उगीच धरून बसली.

"ही कशावरून?" मी विचारलं.

"गवतात होती."

"जवळ झाड?"

"नव्हतं."

"बूड दाखव."

तिने दाखवलं. माती झटकली, अंगठ्याने पुसलं. काही नव्हतं. तिने ते कापून बाजूला टाकलं. दुसरी. तिसरी. मधली एक मलाच शंकास्पद वाटली म्हणून मी तीनदा विचारलं आणि ती चिडली. "अगं ताई, सांगितलं ना एकदा." हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच ती माझ्यावर चिडत होती. मी चौथ्यांदा विचारलं.

मग एक आली, छोटी, छान गोल. बारकीने तोंड उघडलं आणि मिटलं.

"कशावरून?"

"ते असते तर..." ती थांबली. अळंबी फिरवली, बुडाशी नख लावलं. मातीचं ढेकूळ होतं की आणखी काही, मला दिसत नव्हतं. तिलाही दिसत नसावं. "मला नाही माहीत," ती म्हणाली.

"मग टाक."

तिने टाकली. हात धुऊन आली, चाकू धुतला, पुढची उचलली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने पुसलं नाही, कारण हाताला माती लागायला पुन्हा सुरुवात झाली होती. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि पुढचीचं विचारलं.

शेवटी एक बरणी भरली, तीही गळ्याच्या खालपर्यंत. तिने झाकणाखाली पट्टी गुंडाळली, मेहुण्यांच्या अवजारांच्या पेटीतलं रीळ घेऊन. माती माझ्या बशीपर्यंत आली होती, चहात थोडी पडलीही असावी. मी बशी उचलून दुसरीकडे ठेवली.